एकतीस डेसिबल

केरे म्हणजे तळंच, तरी आम्ही म्हणतो केरेतळं.
एकाच पाण्याला दोन हाका,
पाणी कुठल्याच हाकेला वळून बघत नाही.
बेळगावातून सुटलेली शेवटची बस
आमच्या बांधाशी येऊन इंजिन बंद करते
आणि मग काही नसतं.
म्हणजे असतं:
टिबुकली बुडी मारते तो एवढासा डुब्,
यल्लुबाईच्या म्हशीचं रवंथ,
पलीकडच्या मळ्यात दस्तगीरचा पंप,
तोही घरातल्या खोकल्यासारखा, ओळखीचा.

होळीनंतर पूर्वेच्या काठाला पत्रे उभे राहिले.
पत्र्यांवर फोटो, फोटोत डोळे मिटून बसलेली बाई,
खाली तीन भाषांत एकच शब्द: शांतता.
आमच्याकडे पाट्यांवरून डोकी फुटलीत.
ह्या पाटीवर मात्र कुणी डांबर ओतलं नाही,
भाषेला नाव ठेवायला जागाच नव्हती.
पहिल्याच शनिवारी पत्र्यामागून जे सुरू झालं
ते पहाटे तीनपर्यंत.
फडताळातली भांडी सरकत सरकत कडेला आली.
कमळपक्ष्याची चार अंडी होती पानावर,
रविवारी ती कावळ्यांची झाली.

अर्ज मी लिहिला.
बत्तीस वर्षं हेस्कॉमच्या खांबांवर काढली,
म्हणून गावाला वाटतं, मला सरकारी बोलता येतं.
बसलिंगय्या मास्तरांनी तो कानडीत उतरवला.
फॉर्मात रकाना होता: नुकसानीचे स्वरूप.
भरमाणी म्हणाला, लिही, मरळ जाळ्यात येईना.
यल्लुबाई म्हणाली, लिही, म्हस दचकते, पान्हा चोरते.
मोनाप्पाची सून दारात उभी होती, आठवा महिना,
काहीच बोलली नाही,
पोटावर हात ठेवून आली तशी गेली.
ते कसं लिहायचं मला कळलं नाही.
रकाना दीड इंचाचा.

साहेब आले मंगळवारी, भर दुपारी.
मंगळवारी पत्र्यामागे फक्त माळी असतो,
तोही झोपलेला.
साहेबांनी मशीन काठावर धरलं,
तापकऱ्याला थर्मामीटर लावावा तसं.
आम्ही पन्नासेक माणसं श्वास आवरून उभी.
का आवरला, देव जाणे,
आवाज तर आम्हालाच दाखवायचा होता.
पण पाहुणा आला की गप्प बसायची सवय,
तळ्याला आहे, तशी आम्हालाही.
"एकतीस," साहेब म्हणाले,
"फार छान जागा आहे हो तुमची."
आणि लिहिलं: ध्वनी मर्यादेत. तक्रार निकाली.

पोरं पेटली. पत्रे उपटू म्हणाली.
मी त्या कागदाची झेरॉक्स मागून घेतली.
रात्री परत परत वाचली.
सही, शिक्का, तारीख.
उताऱ्यात तळ्याचे एकर आहेत, गुंठे आहेत,
सरकारी पड असा शेरा आहे.
ही गोष्ट कुठंच नव्हती.
आता आहे. एकतीस.
सरकारनं मोजली म्हणजे ती होती,
होती म्हणजे ती चोरीला जाऊ शकते,
आणि चोरीची फिर्याद घ्यावी लागते.

नवा अर्ज तिथून सुरू केला:
'आमच्या मालकीची एकतीस डेसिबल...'
मास्तर म्हणाले, मालकीची नको, ताब्यातली लिहा.
भरमाणी म्हणाला, ताबा कसला, मासे काय आपल्या ताब्यात हाईत?
यल्लुबाई म्हणाली, दोन्ही खोडा.
सांभाळायला दिलेली, असं लिहा.
कुणी दिली, हा रकाना आला तर?
यावर सगळे एकदम बोलायला लागले,
कानडीत, मराठीत, मधल्या त्या आमच्या बोलीत,
साडेदहा वाजून गेले,
आणि पलीकडच्या मळ्यातून दस्तगीर ओरडला:
"हळू बोला की गा!
एकतीसच्या वर चाललंय!"

आम्ही आवाज उतरवला.
अर्जावर तारीख घातली, गुरुवारची.
शनिवार दोन दिवसांवर होता.